गच्ची मी स्वतः बघणार

१ एप्रिल २००६, शनिवार

अवधूतला कंपनीतून दोन डायऱ्या मिळाल्या. एक मला दिली. म्हणाला, आई, काहीतरी लिहीत जा. चौथी शिकलेली बाई काय लिहिणार? पण सध्या घर घ्यायचं चाललंय, तेवढ्यापुरतं लिहिते. घर झालं की बंद.

तर घर. कोथरूड, मधुगंध सोसायटी, तिसरा मजला. त्याच्या वर थेट गच्ची. लिफ्ट नाही. विकणारे श्यामसुंदर काका. बायको गेली, आता नाशिकला मुलीकडे जाणार. घर स्वच्छ आहे. उजेड आहे. अवधूतला खराडीला जायला कंपनीची बस कोपऱ्यावरून मिळते. त्याला बस दिसली, मला छत.

आम्ही सोळा वर्षं पत्र्याखाली काढली. पावसाळ्यात सगळी पातेली जमिनीवर. मग स्वयंपाक कशात करायचा? ह्यांना विचारलं की म्हणायचे, खिचडी कर. खिचडी काय ओंजळीत शिजते?

म्हणून माझी अट एकच. छत गळता कामा नये. बाकी रंग कसलाही असो.

काका म्हणाले, ताई, आजवर एक थेंब गळला नाही. विकणारा असंच म्हणणार. ताकवाली आपलं ताक आंबट म्हणते का?

छतातलं मला कळतं. माझं माहेर परभणीकडचं. आमच्या घराला माळवद होतं, म्हणजे मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात वडील त्यावर चालायचे, टाच आपटून आवाज ऐकायचे. शंका आली की सळईने उकरून आत बघायचे आणि परत पांढरी माती लिंपून टाकायचे. घमेलं घेऊन मागे मी. पुण्यातल्या किती बायकांना हे येतं?

अवधूतला सांगून टाकलं. गच्ची मी स्वतः बघणार, आणि टोकन अक्षय्य तृतीयेला. त्याआधी रुपया द्यायचा नाही. तो मोबाईलवर कोणाशी तरी इंग्लिशमध्ये बोलत होता. मान हलवली. ठरलं.

३ एप्रिल

गेले. गच्चीला कुलूप. किल्ली दुसऱ्या मजल्यावर हेमावहिनींकडे, चेअरमनची बायको. म्हणाल्या, गच्ची फक्त सभासदांसाठी आहे. मी म्हटलं, होणारच आहे सभासद. म्हणाल्या, "मग झालात की या." आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. सगळे घाबरतात. पण दार लागल्यावर कोणाच्या तोंडावर बोलणार? बंद दाराला दोन शब्द ऐकवले आणि आले.

४ एप्रिल

ह्यांना सांगितलं. कारखान्यातून व्हीआरएस घेतल्यापासून हे टीव्हीसमोरून हलत नाहीत. मॅच चालू होती. म्हणाले, एखाद्या इंजिनिअरला दाखवू. मी म्हटलं, इंजिनिअर कागद बघतो. छत कळायला हात लागतो. हे म्हणाले, बघ मग तू. ह्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

६ एप्रिल

रस्ता सापडला!

मधुगंधच्या जिन्यात वासंती भेटली, पहिल्या मजल्यावरची, बँकेत जाते. सांगत होती, वाळवणाचे दिवस आले पण सोसायटीत कुरडया कोणालाच येत नाहीत. मागच्या वर्षी विकतच्या आणल्या, तळल्या की नुसत्या काड्या. मी म्हटलं, मला येतात. तिने माझा हातच धरला आणि हेमावहिनींच्या दारात नेऊन उभं केलं. या वेळी पाणी मिळालं. वर पन्हंही.

माझा प्लॅन असा. वाळवणाच्या नावाखाली गच्चीवर जायचं. वाळवण वाळेपर्यंत छत बघायचं. कोणाला पत्ता लागणार नाही. पुणेकरांना वाटतं, हुशारी नदीच्या अलीकडेच संपते.

७ एप्रिल

गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदलायचं. पूर्ण सोसायटीचे गहू माझ्या घरी. त्यांच्याकडे म्हणे वास सहन होत नाही. आमच्याकडे हे आहेत, सहन करतात.

१० एप्रिल

एकदाची गच्ची बघितली. मोठी आहे. पांढऱ्या टाइल्सचे तुकडे जोडून फरशी केलीय, उन्हात डोळे दिपतात. नीट बघायला बसणार तोच बायका प्लॅस्टिकचे कागद घेऊन आल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरले. मी चीक शिजवला, सोऱ्या फिरवला. दुपारपर्यंत गच्ची कुरडयांनी भरली. छत झाकलं गेलं. मीच झाकलं.

हरकत नाही. कडेला दीड हात जागा उरलीय. उद्या तिथून सुरुवात.

१२ एप्रिल

कुरडया बघून बायका खूश. आता त्यांना साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस आणि तांदळाचे सांडगेही हवेत. मी नाही म्हणणार होते. पण नाही म्हटलं की किल्ली गेली. म्हणून हो म्हटलं. याला डोकं म्हणतात.

कावळे राखायला वर मीच बसते. बायका खाली पंख्याखाली सिरियल बघतात. बरंच झालं. एकटी असले की काम होतं. आज लाटण्याने ठोकत ठोकत गेले. टाकीपाशी टणक. जिन्यापाशी टणक. बेडरूमच्या वर, पाइपाच्या जवळ, बद्द. परत ठोकलं. बद्द. तिथे पोकळ आहे. माझा कान खोटा बोलत नाही.

तेवढ्यात हेमावहिनी वर आल्या. म्हणाल्या, "शालनताई, पापड लाटताय की गच्ची?" मी म्हटलं, मुंग्या मारतेय. म्हणाल्या, "लाटण्याने? मोठ्या दिसतात तुमच्याकडच्या."

बोलू दे. थेंब त्यांच्या डोक्यावर नाही पडणार, माझ्या पडेल.

१५ एप्रिल, दुपार

ह्यांचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले. बद्द वाजणारा तुकडा हळूच उचकटला. खाली सिमेंट. ते खरवडलं. त्याच्या खाली काय असावं?

विटांचे तुकडे.

स्लॅब म्हणून सांगायचं आणि आत विटांचा चुरा भरायचा! आमच्या माळवदातसुद्धा एवढी लबाडी नव्हती. माती म्हटलं की माती. काकांचा चेहरा किती गरीब, आणि डोक्यावर हे.  

रात्री ह्यांना सांगणार होते, पण हे घोरत होते.

१७ एप्रिल

एका जागेवरून निकाल देऊ नये. वडील म्हणायचे, एक भोक पाडलं तर शंका, चार पाडली तर खात्री. म्हणून पाइपाजवळ आणखी उकरलं. विटा. कठड्याजवळ उकरलं. विटा. जिथे टणक वाजत होतं तिथेही बघितलं, कारण टणक आवाज फसवू शकतो. तिथेही विटा. किती जागा झाल्या ते मोजलं नाही. फसवणूक मोजायची नसते.

आता भोकं बुजवायची. पांढरी माती पुण्यात कुठे मिळणार? कर्वे रोडच्या नर्सरीत विचारलं. तो म्हणाला, लाल आहे, काळी आहे, कोकोपीट आहे. मी म्हटलं, छताला लावायचीय. तो म्हणाला, मॅडम, टेरेस गार्डन का? त्याच्याशी काय बोलणार.

शेवटी डोकं चालवलं. कुरडयांचा उरलेला चीक वाळवून ठेवला होता. तो शिजवून गरम गरम ओतला, वर टाइलचा तुकडा दाबून बसवला. उन्हात असा वाळला की नखाने निघेना. सिमेंटवाल्यांनी माझ्याकडे शिकायला यावं.

१९ एप्रिल

कावळ्यांना चीक आवडतो.

एक तुकडा उचकटून कठड्यावर नेऊन ठेवला होता एकाने. मी हाकलला तर माझ्याकडे बघत बसला, जशी काय गच्ची त्याच्या नावावर आहे. परत चीक भरला, वर वीट ठेवली. मुंग्यांची रांग लागलीय ती वेगळी. म्हणजे मी हेमावहिनींना खोटं नव्हते बोलले.

२१ एप्रिल

काकांकडे मुद्दाम गेले. म्हटलं, बघू किती वेळ नजरेला नजर देतात. त्यांनी स्वतः चहा केला. साखर जास्त. मी आडून आडून विचारलं, छतात काय भरलंय? मनमोकळं हसले. म्हणाले, ताई, तुम्ही काळजी करू नका, वॉचमन महिना-दोन महिन्यांतून एकदा पंप बंद करायला विसरतो, टाकी वाहते, गच्चीचं तळं होतं. बायको असती तर तिने सांगितलं असतं, खाली कधी ओल नाही आली.

बायकोचं नाव मध्ये आणलं की समोरचा गप्प बसतो, हे त्यांना बरोबर माहीत आहे. निघताना मला एक झाडू दिला, नवा. म्हणाले, नाशिकला काय नेऊ, तुम्हालाच लागेल. घेतला. झाडूने मी विकली जाणारी नाही.

२६ एप्रिल, बुधवार

आज निकाल दिला. अवधूत खराडीहून दमून आला होता. जेवायला वाढलं आणि सांगितलं, ते घर घ्यायचं नाही. छतात विटा आहेत. घ्यायचंच असेल तर भाव पाडून घ्यायचं, मी स्वतः बोलते काकांशी.

त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, "आई, टोकन पाडव्यालाच दिलंय. लोन पास झालं. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन आहे."

पाडवा म्हणजे मार्चमध्ये. मी डायरी सुरू करायच्या आधी.

मी म्हटलं, आणि गच्ची? तो म्हणाला, बँकेने इंजिनिअर पाठवला होता. रिपोर्ट चांगला आलाय. आणि त्या विटा मुद्दामच घालतात, कोबा म्हणतात त्याला, पाणी खाली जाऊ नये म्हणून. सगळ्या पुण्यात असाच असतो. मग विचारलं, तुला कसं कळलं आत विटा आहेत?

मी म्हटलं, आवाजावरून.

हे टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होते. म्हणाले, मी म्हटलं होतं, इंजिनिअर. मी म्हटलं, तुम्ही मॅच बघा.

मला का नाही सांगितलं, असं अवधूतला विचारलं. म्हणाला, सांगितलं होतं, तू म्हणालीस, बघू. असेल. मी काय काय लक्षात ठेवू. पूर्ण सोसायटीचे पापड माझ्या डोक्यावर आहेत.

२७ एप्रिल

शांतपणे विचार केला. छत चांगलं आहे, हे आता सिद्ध झालं. बँकेने एकदा बघितलं, मी एकदा बघितलं. दोघांचं एकमत. माझी मेहनत वाया गेली नाही.

राहिली ती भोकं. तीही आता आपलीच. सिमेंट आणून एका दुपारी बुजवून टाकीन.

२८ एप्रिल

गच्चीला कुलूप. वाळवण झालं ना. हेमावहिनींनी प्रत्येक घराचे डबे भरून वाटले, मलाही एक पिशवी दिली, त्यात मोडक्या कुरडया जास्त. किल्ली मागितली तर म्हणाल्या, "आता काय वाळत घालायचंय?"  पुढे म्हणाल्या, राहायला या, कमिटीत नाव लागू द्या, मग गच्ची तुमचीच.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

काकांनी नव्या घरात पूजेला यायचा आग्रह केला. स्वतः तोरण लावलं, वर चढून. मी खाली स्टूल धरून उभी. डोळे वर छताकडे. काकांना वाटलं, मी तोरण बघतेय. म्हणाले, सरळ आहे ना? मी म्हटलं, हो.

आमरस गोड होता. मला जेवण गेलं नाही.

१४ मे, रविवार

राहायला आलो. ह्यांनी टीव्ही आधी लावला. काका रजिस्ट्रेशन झाल्यापासून स्वारगेटजवळ भावाकडे आहेत. पुढच्या गुरुवारी, म्हणजे पंचवीस तारखेला, नाशिकला जातील.

रात्री बेडरूममध्ये पाठीवर पडले. पांढरं स्वच्छ छत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वर बघत झोपले.

१६ मे

किल्ली मिळाली. वर जाऊन बघितलं. चिकाचा मागमूस नाही. कावळे, मुंग्या आणि बहुधा खारी, सगळ्यांनी मिळून साफ केलंय. तुकडे इकडेतिकडे. भोकं आधीपेक्षा मोठी वाटली. उन्हामुळे वाटत असेल.

सिमेंटच्या दुकानात गेले. वाटीभर द्या म्हटलं. तो म्हणाला, बाई, हे डालडा नाही, अख्खी गोणी मिळेल. गोणी तिसऱ्या मजल्यावर न्यायची तर ह्यांना सांगावं लागेल. ह्यांना सांगितलं तर हे विचारणार, कशाला. उद्या बघू.

१७ मे

ह्यांना सांगितलं, तुळशीवृंदावन बांधायचंय, सिमेंट आणा. म्हणाले, तयार मिळतं, प्लॅस्टिकचं, मंडईत. संध्याकाळी घेऊन आले. पहिल्यांदा माझं काम त्याच दिवशी केलं.

१९ मे

वासंती आली होती, घर बघायला. म्हणाली, गच्चीवर कोणीतरी टाइल्स काढल्यात, मुलांचं काम असेल, मीटिंगमध्ये विषय घेणार आहेत. मी म्हटलं, घ्यायलाच पाहिजे. आजकालची मुलं.

उद्या नक्की. उद्या शनिवार, गवंडी नाक्यावर मिळतात.

२० मे

गवंडी गेला असता वर, पण हेमावहिनी जिन्यात उभ्या. विचारलं, हा कोण? मी म्हटलं, गाववाला. गाववाल्याला चहा पाजून परत पाठवला. त्याने आणखी एक मागितला.

२१ मे, रविवार, सकाळ

वॉचमन पंप बंद करायला विसरला. गच्चीचं तळं झालं. अवधूतची सुट्टी, तो झोपला होता. आधी ओलीचा डाग दिसला, बशीएवढा. मग ताटाएवढा. मग अवधूत उठून बसला आणि त्याने कपाळ पुसलं.

पातेलं मी लावलं. किती मोठं लागेल हे मला लगेच कळतं.

हे वर जाऊन बघून आले.  म्हणाले, "माझा स्क्रू ड्रायव्हर कुठंय?" मी म्हटलं, बघा तिकडेच कुठेतरी. ते बघायला गेले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले.

२२ मे, सोमवार, संध्याकाळ

काका आले होते. खालच्या मेन गेटची जादा किल्ली त्यांच्याकडे राहिली होती, ती द्यायला. उन्हातून बसने आले, जिना चढून दमले. मी खिडकीतून म्हटलं होतं, थांबा, मी खाली येते. तोवर ते वर आलेच. बेडरूमचं दार उघडं होतं.

पातेल्यात थेंब पडला. त्यांनी ऐकलं.

आत गेले. वर बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. डाग आता भिंतीवर उतरलाय. मी म्हटलं, बसा ना काका, चहा टाकते. ते बसले नाहीत.

म्हणाले, "शालनताई, देवाशप्पथ, आजवर असं नव्हतं झालं. तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याने फसवलं."

अवधूत म्हणाला, काका, तुमचा काय दोष, जुनी बिल्डिंग आहे. काका ऐकेनात. म्हणाले, दुरुस्तीचा खर्च मी देणार, नाशिकला जायच्या आधी चेक पाठवतो, नाहीतर तिकडे मला घास जाणार नाही. म्हणाले, बायको असती तर तिने मला तोंड दाखवू दिलं नसतं. आणि हात जोडले. मला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस.

हे दारात उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल ना काहीतरी."

मी म्हटलं, "असू द्या काका. होतं असं."

काका म्हणाले, तुमचं मन मोठं आहे.

मग चहा घेतला. अर्धाच. उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबत होते, कठड्याला धरून. मी वरून बघत होते. हाक मारणारच होते. तेवढ्यात खालच्या गेटचा आवाज आला.

चेक आला तरी घ्यायचा नाही, असं मी ठरवलंय. म्हणजे अवधूतला सांगणार आहे. कारण काय सांगायचं ते ठरायचंय.

हे जेवले नाहीत. मी विचारलं नाही.

उद्याच स्वारगेटला जाऊन काकांना सगळं स्पष्ट सांगते. मी कोणाला भीत नाही. उद्या एकादशी आहे पण. उपासात माझं डोकं धरतं आणि ऊन फार आहे. परवा सिमेंटचं बघायचंय. गुरुवारी ते जायच्या गडबडीत असतील, तेव्हा त्रास देणं बरं नाही. शनिवारी अमावास्या. अमावास्या झाली की बघू.

पातेलं भरलं वाटतं. ओतून येते.